टेंगले सरांची मोजणी

टेंगले सर रिटायर झाले त्या दिवशी संध्याकाळी साडेपाच वाजता मी त्यांना माझ्या हातानं पुसलं. ते माझ्या खुर्चीशेजारी उभे होते. "दाबा बाई," म्हणाले, आणि मी बटण दाबलं.

पुसलं म्हणजे विद्यापीठाच्या यादीतून त्यांचं नाव आणि त्यांचा मेल काढून टाकला, एवढंच. कोणीही नोकरी सोडली की आम्ही हे करतोच. पण त्या एका बटणाबरोबर काय काय गेलं ते कळायला मला दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत वेळ लागला. मी चिडकी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या वर्गातली मुलं मला मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे. त्या चिडकेपणाचा या गोष्टीशी संबंध आहे म्हणून सांगितलं.

आमचं विद्यापीठ शिरूर तालुक्यात, सणसवाडीचे कारखाने मागे टाकून पुढं आलं की उसाच्या आणि गोडाउनांच्या मधे. टेंगले सर तिथं कॉम्प्युटर विभागात तांत्रिक सहायक. 'सर' आपलं आम्ही म्हणायचो. त्यांच्या गावात, वरवंडला, ते आप्पा. रोज सकाळी मोटरसायकलवर चौफुला, न्हावरा करत यायचे, कानाला मफलर, खिशात दोन चष्मे. एक वाचायचा आणि एक 'माणसाकडं बघायचा'. मला सगळे मॅडम म्हणत, हे एकटे बाई म्हणायचे. सुरुवातीला मला राग यायचा. नंतर दुसऱ्या कोणी मॅडम म्हटलं तरी ते कुणा भलत्याच बाईला हाक मारतायत असं वाटायला लागलं.

त्यांचं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण आमच्याच कुलसचिवांना ते शेवटपर्यंत समजलं नाही. मुलं मोबाईलची ॲप बनवतात. ती लोकांच्या फोनवर जायची तर स्टोअरवर चढवावी लागतात, आणि त्यासाठी स्टोअरकडे संस्थेच्या नावानं एक खातं लागतं, डेव्हलपर अकाउंट. आमच्या विद्यापीठाचं असं एकच खातं. मुलं, प्राध्यापक, सगळ्यांची ॲप त्याच एका खात्यात. त्यात कोणाला घ्यायचं, कशाला हात लावू द्यायचा, कोणाला बाहेर काढायचं, हे ज्याच्या हातात असतं त्याला स्टोअरच्या भाषेत ओनर म्हणतात. सर त्याला 'मालक' म्हणायचे आणि म्हणताना स्वतःच लाजायचे. खातं काढायच्या वेळी कोणाचं तरी ओळखपत्र द्यावं लागणार होतं. मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा सगळे प्राध्यापक पंख्याकडे बघायला लागले. मीसुद्धा. मग चहाचे कप गोळा करायला सांगितलेल्या टेंगले सरांनी खिशातून आपलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. असे ते मालक झाले.

मालक झाल्यावर मात्र त्यांनी जो कारभार केला तो बघून घ्यावा. त्यांच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याचं एक रजिस्टर होतं. नाव, गाव, आत आणि बाहेर असे चार रकाने. मेलवर विनंती करून खात्यात प्रवेश मिळत नसे. समक्ष जायचं. सर चष्मा बदलून माणसाकडे बघायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "जाणार कवा?"

अजून आत घेतलेलंही नाही आणि हा माणूस जायची तारीख विचारतो, म्हणून मुलं गोंधळायची. कोणी म्हणायचं, पुढच्या मे महिन्यात कोर्स संपेल. मग सर 'बाहेर'च्या रकान्यात पेन्सिलीनं तारीख लिहायचे. तो दिवस आला की मुलाला बोलावून घ्यायचे, शेजारी बसवायचे आणि त्याचं नाव त्यालाच काढायला लावायचे. मग पेन्सिलीच्या तारखेवर शाई फिरवायची, आणि ड्रॉवरमधल्या स्टीलच्या डब्यातून शेंगदाणे आणि गुळाचा खडा हातावर ठेवायचा. मुलं हसायची, पण गूळ खाऊनच जायची. एक मुलगी रडली होती, मला आठवतं. सर तिला म्हणाले, "आगं, हितनं काढलंय, जगातनं न्हाई."

संध्याकाळी पाच वाजता मोजणी. खात्यात जितकी माणसं असतील तितकी नावं एकेक करून वाचायचे, ओठ हलवत, बोट पडद्यावर ठेवून. चाळीस-पंचेचाळीस नावं. मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, वर आकडा दिलेला असतो ना. तेवढा बघा आणि उठा. माझी बस जाते."

"आकड्यावर जाऊ नये बाई," ते म्हणाले. "आमच्या आज्याची मेंढरं हुती. मोजाय बसला का मी बी शेजारी. आपल्यातलं एक गेलं आन् शेजारच्या कळपातलं एक आलं, तर आकडा बरोबरच येतोय की. म्हणून तोंड बघून मोजायचं."

त्यांच्या घरात आता मेंढरं नव्हती, ऊस आणि थोडी भाजी होती. पण मोजायची पद्धत तेवढी शिल्लक राहिली होती. मला ते तेव्हा खुळ्यासारखं वाटलं. मी बस गाठायला निघून गेले.

ते आणखी एक विचित्र गोष्ट करायचे. स्टोअरकडून वर्षातून दोन-तीनदा करारनामा येतो, तीस-चाळीस पानी, इंग्रजी. जगात कोणी तो वाचत नाही. सर त्याचे छापील कागद काढून, शब्दकोश घेऊन, दोन-दोन दिवस वाचत बसायचे. अडलं की माझ्याकडे यायचे. मी म्हणायची, "सर, खाली 'मान्य आहे' असं असतं, ते दाबा." ते म्हणायचे, "समदी दुनिया तेच दाबती. म्हणून तर समद्या दुनियेचं आसं झालंय." कप्पाळ माझं.

त्यांच्या या काटेकोरपणाला कारण घडलं होतं. आमचे एक प्राध्यापक दुसऱ्या कॉलेजात गेले आणि त्यांचं नाव खात्यात तसंच राहिलं. त्यांनी घरी बसून आपल्या क्लासचं खासगी ॲप आमच्या खात्यातून चढवून दिलं, त्यात चोरलेली चित्रं. स्टोअरचं पत्र आलं, पुन्हा असं झालं तर संपूर्ण खातं बंद करू. म्हणजे एकानं घाण केली तर पन्नास मुलांची ॲप जाणार. सर चार दिवस नीट जेवले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी कुलसचिवांच्या दारात उभं राहून एक परिपत्रक काढून घेतलं, की ज्या दिवशी माणूस विद्यापीठ सोडेल त्याच दिवशी, कामाची वेळ संपायच्या आत, त्याचा मेल आणि सगळे प्रवेश बंद करावेत. कोणालाही सवलत नाही. मजकूर त्यांनीच लिहिला होता, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं.

आता आक्का.

सरांची थोरली बहीण, ठकूबाई. तीन-चार वर्षांची असताना मोठा ताप आला आणि वाचा गेली. ऐकू चांगलं येतं, डोकं आपल्यापेक्षा तल्लख, फक्त बोलता येत नाही. लग्न झालं नाही, ती भावाकडेच राहिली. लहानपणापासून तिच्या खुणा फक्त एका माणसाला कळायच्या, टेंगले सरांना. बाजारात, दवाखान्यात, लग्नकार्यात, ती हात हलवणार आणि हे बोलणार. गावात तिला कोणी नावानं हाक मारत नसे. 'मुकी' म्हणत, तोंडावर म्हणत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

आरती नावाची एक विद्यार्थिनी प्रोजेक्टसाठी विषय शोधत होती. सरांनी तिला दुपारच्या डब्याला बसवून आक्काबद्दल सांगितलं. तिनं सहा महिने खपून 'बोलकी' नावाचं ॲप केलं. फोनवर चित्रं. तांब्यावर बोट ठेवलं की फोन म्हणतो, मला पाणी पाहिजे. शहरात असली ॲप असतात, पण ती इंग्रजी नाहीतर हिंदी बोलतात. हे आपल्या भाषेत बोलणार होतं. आवाज बाईचा हवा होता, आणि आरतीचा आवाज चिरका, म्हणून माझा घेतला.

दोन दिवस लॅबची दारं लावून रेकॉर्डिंग केलं. मी माझ्या वर्गात बोलते तसं म्हटलं, "मला पाणी हवं आहे." सरांनी हात वर केला. "बाई, आसं कोन म्हनतंय आमच्यात? ती आत्ता कुठं तोंड उघडणार, तर पुण्याची पाव्हणी वाटंल. 'मला पानी पायजे' म्हना." मी पुन्हा म्हटलं. "पोटात दुखतंय." "आज न्हाई, उद्या." "आरं, कोन हाय दारात?" "माझ्या म्हागं लागू नगंस." दोनशेच्या वर वाक्यं. सगळ्यात पहिलं वाक्य मात्र त्यांनी आधीच लिहून आणलं होतं. "माझं नाव ठकूबाई हाय."

पुढचं मला त्यांनी सोमवारी येऊन सांगितलं, तेही मोजणी झाल्यावर, गूळ हातात घेऊन. गावच्या दवाखान्यात गेले होते. नर्सनं विचारलं, नाव काय? सर सवयीनं बोलायला गेले, तर आक्कानं आडवा हात करून त्यांना थांबवलं. पिशवीतून फोन काढला, बोट ठेवलं. फोन म्हणाला, माझं नाव ठकूबाई हाय.

"मग नर्स काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय न्हाई. तिनं मान बी वर केली न्हाई. लिवलं कागदावर, ठकूबाई, आन् वय इचारलं." सर हातातल्या गुळाच्या खड्याकडे बघत म्हणाले, "बाई, येवढं साधं झालं बगा. साठ वर्सं झाली तिला."

मी त्या दिवशी बस सोडली. रडू आलं होतं आणि बसमध्ये ओळखीची माणसं असतात.

'बोलकी' स्टोअरवर होतं, म्हणजे कोणालाही मिळत होतं. दौंडला एका बाईच्या नवऱ्याला लकवा झाला, तिनं घेतलं. शिरूरच्या एका मुलाची जीभ जन्मापासून अडलेली, त्याच्या आईनं घेतलं. पाटसला, केडगावला, असं एकाचं बघून दुसऱ्यानं. लोक सरांना फोन करून विचारायचे, आप्पा, फोन बदललाय, आता? सर म्हणायचे, नाव टाका, उतरवून घ्या, हाय ते तिथंच. माझा आवाज दोन तालुक्यांत कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांत पाणी मागत होता आणि पोटात दुखतंय म्हणून सांगत होता. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

आरती पास झाली, गूळ खाऊन बाहेर पडली, बंगळूरला नोकरीला लागली. जाताना ॲपचं सगळं सामान, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम, चित्रं, माझी रेकॉर्डिंग, सरांच्या विद्यापीठाच्या मेलमधल्या जागेत ठेवून गेली. सरांचा पेनड्राइव्हवर विश्वास नव्हता. समदं एका जागी असलं म्हंजी सांभाळाय बरं, असं ते म्हणायचे.

आणि मग त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली. ज्या माणसानं प्रत्येकाला 'जाणार कवा' विचारलं, तो स्वतःची तारीख विसरणार नव्हता. त्यांनी कुलसचिवांना पत्र लिहिलं, खात्याचा मालक माझ्या जागी दुसरा नेमावा. उत्तर नाही. तीन महिन्यांनी दुसरं. मग तिसरं. पत्र द्यायचे, पोच घ्यायचे, पोच फाइलला लावायचे. कुलसचिवांच्या टेबलावर त्यांची पत्रं ट्रेच्या तळाशी आणि वर प्रवेशाच्या जाहिराती. मी एकदा रागावून म्हटलं, "सर, तुम्ही भांडत का नाही?" ते म्हणाले, "भांडलो तर ते ध्यानात ठेवत्यात. पत्र ध्यानात ठेवलं तर बरं हाय." शेवटी दोन महिने राहिले तेव्हा नेमणूक झाली, माझी.

नवा मालक व्हायचं तर तीन गोष्टी होत्या. स्टोअरच्या मेलमधली लिंक उघडायची, आपलं ओळखपत्र जोडायचं आणि विद्यापीठाचं सहीचं पत्र जोडायचं. मग त्यांच्याकडून मंजुरीचा मेल येतो. मी लिंक उघडली, ओळखपत्र जोडलं. पत्र अजून कुलसचिवांकडे होतं. पडद्यावर आलं, तुमची विनंती आम्हाला मिळाली आहे. मी खिडकी मिटली. पत्र दुसऱ्या आठवड्यात सही होऊन माझ्या टेबलावर आलं. तेव्हा विद्यापीठात तपासणी समिती येणार म्हणून आम्ही फाइलींच्या ढिगात गाडले गेलो होतो. ते पत्र एका फाइलीखाली गेलं, आणि माझ्या डोक्यात ते काम 'झालं' या खणात जाऊन बसलं.

सर रोज विचारायचे. "बाई, झालं का ते?" मी म्हणायची, झालं. "मंजुरी आली का?" आली असेल. शेवटच्या आठवड्यात एक दिवस समितीसमोर माझी फजिती झाली होती, मी खोलीत येऊन बसले होते, तोच हे दारात. "बाई, जरा दावता का मला? मालकाच्या जागी तुमचं नाव आलंय ते एकदा बघतो, म्हंजी मोकळा झालो."

मी म्हटलं, "झालंय म्हटलं ना सर. किती वेळा विचाराल? मी काय तुमची विद्यार्थिनी आहे?"

दोन मुलं होती खोलीत. सर ओशाळले. "न्हाई, न्हाई. तुम्ही म्हनताय म्हंजी झालंच," म्हणाले आणि गेले. एवढ्या वर्षांत त्यांनी न बघता मोजलेलं ते एकच नाव.

शेवटच्या दिवशी शाल, नारळ, फोटो झाले. दोन भाषणांत त्यांचं आडनाव चुकलं. पाच वाजता त्यांनी मोजणी केली, पण आता ते सभासदांची नावंच वाचत होते. मालकाचं नाव सभासदांतही येतं, त्यामुळं त्यात माझं नाव वाचून काही कळलं नसतं; मालकाचा रकाना वेगळ्या पानावर असतो. ते पान त्यांनी माझ्यासमोर उघडलं नाही, मला वाईट वाटेल म्हणून. हे मला आता कळतं. साडेपाचला मी म्हटलं, "सर, तुमचं नाव सोमवारी काढते, बसा आता." ते उठून उभे राहिले. "नियम मी लिवलाय बाई, आन् माझ्यासाठीच सवलत? दाबा." मी दाबलं. त्यांनी डबा उघडून मला गूळ दिला. स्वतः घेतला नाही, साखर आहे म्हणाले.

पुसलेला मेल वीस दिवसांत परत आणता येतो. एकविसाव्या दिवशी येत नाही. दिवाळी झाली, सुट्टी झाली, तपासणीचं राहिलेलं झालं, आणि मग एक दिवस स्टोअरचा निरोप आला की प्रत्येक संस्थेनं आपली नव्यानं ओळख पटवावी, न पटवल्यास ॲप काढून टाकू. हे फक्त मालकाला करता येईल. मी खातं उघडलं. मालकाच्या रकान्यात टेंगले सरांचं नाव होतं, करडं पडलेलं. माझं नाव फक्त साध्या सभासदांत, बाकीच्या मुलांच्या रांगेत.

मी दिवस मोजले, तीस झाले होते. मी सरांचा मेल त्याच नावानं पुन्हा तयार केला. तो तयारही झाला. पण स्टोअर म्हणालं, हा मेल आमच्याकडे नोंदलेल्या व्यक्तीचा नाही. नाव तेच, अक्षर न् अक्षर तेच, पण त्यांच्या लेखी ते दुसरंच मेंढरू होतं. आणि मेलमधली जागा रिकामी. आरतीचा प्रोग्राम नाही, चित्रं नाहीत, माझा आवाज नाही. आरतीला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, जुना लॅपटॉप विकला मी. सरांकडे आहे ना सगळं?"

स्टोअरला पत्रं लिहिली. उत्तरं यंत्राची, प्रत्येक वेळी तीच. शेवटी कोणा माणसाचं उत्तर आलं, की नोंदलेली व्यक्ती अजून संस्थेत आहे असं संस्थेनं लिहून दिलं तर विचार करू. मी कुलसचिवांकडे गेले. ते म्हणाले, "निवृत्त माणूस अजून संस्थेत आहे असं कसं लिहून देऊ मी? तुम्हीच परिपत्रक दाखवा मला." मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तसंही आता हे सगळं एजन्सीला देतोय आपण. नवीन खातं, नवीन ॲप. प्रवेशाचं, स्नेहसंमेलनाचं. जुनं काय धरून बसायचं?" मी 'बोलकी'बद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माणूस वाईट नाही. "छानच होतं," म्हणाले.

मी ते पुन्हा करून घेईन असं ठरवलं होतं. दोन वर्षं मुलांना विषय सांगून बघितला. मुलं विचारतात, मॅडम, हे आधीच झालेलं आहे ना? झालेल्याला मार्क मिळत नाहीत. एका गटानं घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. अजून झालेलं नाही. होईल असं मला आता वाटत नाही.

मुदत संपून स्टोअरनं ॲप काढून टाकल्यावर सरांचा फोन आला. "बाई, दौंडच्या त्या बाईंनी फोन बदलला, त्यास्नी सापडंना. काय झालंय का?" मी म्हटलं, बघते. आणि मग सहा महिने त्यांचे फोन उचलले नाहीत. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वरवंडला गेले, सांगून टाकायला. घर हायवेपासून आत, पत्र्याची शेड, पुढं काकडीचा मांडव. सर खूप बारीक झाले होते. चष्मा आता एकच. "या बाई, या," म्हणाले, आणि आत बघून हाक दिली, "आक्का, बाई आल्यात गं, आपल्या."

मी बसायच्या आधीच सांगितलं. पत्र जोडलं नव्हतं, मंजुरी आली नव्हती, मी बघितलंच नव्हतं, आणि वर तुमच्यावर ओरडले. त्यांनी सगळं ऐकलं. मग उठून फळीवरून ते लाल रजिस्टर काढलं. ते घरी आणलं होतं त्यांनी, विद्यापीठात कोणाला नकोच होतं. शेवटच्या पानावर स्वतःचं नाव, गाव, आत, बाहेर, सगळं शाईनं. खाली लिहिलं होतं, मालक, आणि पुढं माझं नाव. तेही शाईनं.

"मी बी बघाय पायजे हुतं," ते म्हणाले. "तोंड बघून मोजाय पायजे हुतं." त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"आक्काचा फोन?" मी विचारलं.

"बॅटरी फुगून पडदा फुटला. पुतण्यानं त्यातनं 'बोलकी' काढून नव्यात घालून बघितलं. उघडतंय आन् मिटतंय, आवाज काय निघत न्हाई. मग हिंदी बोलणारं एक घालून दिलं. बाप्याचा आवाज. तिनं फोन उशाखाली घातला, हात बी लावत न्हाई आता."

आक्का चहा घेऊन आली. हिरवं लुगडं, ताठ बाई. मी म्हटलं, "कशा आहात ताई?" तिच्या हातातला कप जागीच थांबला. ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी आणखी काहीतरी बोलले, ऊन फार आहे, असलं काहीतरी. तिनं कप खाली ठेवला आणि आपल्या गळ्याला हात लावला. चार वर्षं जो आवाज तिचा होता तो माझ्या तोंडातून येत होता. मी मग बोलणंच बंद केलं.

ती दोघं मला गाडीवर बसवायला हायवेपर्यंत आली. पाटसकडून बस येताना दिसली. तेवढ्यात आक्कानं माझा हात धरला, उलटा केला आणि माझ्या तळहातावर बोट टेकवलं, फोनवर टेकवायची तसं, बेतानं. आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मी काही बोलले नाही. तिनं थोडं बाजूला दुसऱ्या जागी बोट टेकवलं, जरा जोरात. मला दोनशेच्या वर वाक्यं येत होती. त्यातलं तिला कुठलं हवं होतं ते मला कळेना.

"सर, काय म्हणतायत त्या?" मी विचारलं.

सर तिच्याकडे वळले. तिनं माझा हात सोडून दोन्ही हातांनी काहीतरी खूण केली, अर्धी करून थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. सर डोळे बारीक करून बघत राहिले. फोन येईपर्यंत जन्मभर ते तिचं तोंड होते.

"न्हाई वळखू येत, बाई," ते म्हणाले. "फोन आल्यापासनं तिनं खुना सोडल्या. तीबी इसरली, मीबी इसरलो."

बस थांबली. कंडक्टर घाई करत होता, मी चढले. खिडकीतून बघितलं तेव्हा सर रस्त्याच्या कडेला तिच्यासमोर उभे होते, आणि ती तीच खूण त्यांना पुन्हा करून दाखवत होती.